परवानगीशिवाय परदेशी गेलेल्या माझ्या कागदपत्रांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : माझ्या फाइलींची प्रत न विचारता दुसऱ्या देशात ठेवल्याबद्दल

महोदय,

तुमच्या क्लाउड सेवेत मी सहा वर्षांपासून पासपोर्टच्या प्रती, विम्याची कागदपत्रे आणि आईचे वैद्यकीय अहवाल ठेवत आले आहे. खाते उघडताना फाइली कोणत्या देशात राहाव्यात हे मी स्वतः निवडले होते. गेल्या महिन्यात ‘अधिक सुरक्षिततेसाठी’ अशा मथळ्याचा तुमचा ईमेल आला. त्याच्या अगदी तळाशी एक ओळ होती : आपल्या फाइलींची एक प्रत आता परदेशातील डेटा सेंटरमध्येही ठेवली आहे. कोणता देश, तेही लिहिलेले नाही.

प्रत दुसरीकडे ठेवण्याला माझी हरकत नाही. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्गचे एक डेटा सेंटर जळाले, तेव्हा दुसरीकडे प्रत नसलेल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. पण प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवणे वेगळे आणि दुसऱ्या कायद्याच्या हाती देणे वेगळे. युरोपीय न्यायालयाने जुलै 2020 मध्ये युरोपातील लोकांचा डेटा अमेरिकेत पाठवण्यासाठीचा ‘प्रायव्हसी शील्ड’ करार रद्द केला, तो अमेरिकी सरकारच्या पाळतीपासून लोकांना पुरेसे संरक्षण नाही म्हणून. सर्व्हर कच्चे होते म्हणून नव्हे.

मी दोनदा विचारणा केली. दोन्ही वेळा एकच उत्तर आले, शब्दही तेच : “आपला डेटा एईएस-256 ने एन्क्रिप्ट केलेला आहे.” म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा सांकेतिक रूपात कुलूपबंद. असेल. पण दोन वर्षांपूर्वी मी पासवर्ड विसरले होते, तेव्हा तुमच्या माणसाने दहा मिनिटांत सगळ्या फाइली उघडून दिल्या होत्या. तेव्हा मी त्याचे आभारच मानले (माझे नशीब!). याचा अर्थ किल्ली तुमच्यापाशी आहे, आणि तिथल्या सरकारचा हुकूम आला की तुम्ही तीच वापराल.

तुमच्या धोरणात लिहिले आहे की जीडीपीआरचे (युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याचे) हक्क तुम्ही सर्व ग्राहकांना देता. त्याच्या कलम 15 नुसार मला कळवा : प्रत कोणत्या देशात आहे, ती कोणत्या कंत्राटदार कंपन्यांच्या हाती आहे, आणि हस्तांतरासाठी कोणती कायदेशीर हमी घेतली आहे. परदेशातील प्रत, तिच्या बॅकअपसह, पुसून तसे लेखी द्या. राखीव प्रत मी निवडलेल्या देशातच दुसऱ्या केंद्रात ठेवा. ते जमत नसेल, तर किल्ली फक्त माझ्याकडे राहील अशी सोय करा. मग पासवर्ड विसरल्यास फाइली गेल्या तरी माझी तक्रार नसेल.

नियमानुसार उत्तरासाठी एक महिन्याची मुदत आहे. त्यानंतर मी डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे जाईन. एन्क्रिप्शनची माहिती कृपया पुन्हा पाठवू नये, ती मला पाठ झाली आहे.

आपली,
एक ग्राहक