लेहला उतरताच फिरायला निघू नका

रविवारच्या पुरवणीतील लडाख सहलीवरच्या लेखात ‘प्रकृती ठणठणीत असेल तर उंचीची धास्ती नको’ असे म्हटले आहे, ते मुळीच पटले नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ५५० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. तिथेही हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. श्वास आणि नाडी लगेच वेग घेतात, रक्तातील आम्लतेचा तोल सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात, तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर आठवडे. हे वेळापत्रक व्यायामाने बदलत नाही. उलट धडधाकट तरुणच पहिल्या संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या धावत चढतात आणि रात्रभर डोके धरून, ओकाऱ्या काढत बसतात.

सुटीत इथली कितीतरी मराठी कुटुंबे आजी-आजोबांना घेऊन विमानाने थेट लेहला जातात. सहल कंपन्यांनी पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांतीचे म्हणून कार्यक्रमपत्रिकेत छापावेत. ५,३०० मीटरहून उंच खारदुंग ला या खिंडीत त्यानंतरच जावे. डोकेदुखी, मळमळ वाढत असेल तर वर जाऊ नये, आणि चालताना तोल जाऊ लागला तर रात्र असली तरी खाली उतरवावे.

– एक वाचक, रामबाग, इंदूर