हिवाळ्याआधीची सोलर सेवा न देताच तक्रार बंद केल्याबद्दल

परभणी, १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
सेवा विभाग प्रमुख,
सोलर वॉटर हीटर विभाग

महोदय,

परवा, १५ तारखेला, तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी सत्तावीस मिनिटे बोलून फोन ठेवला तेव्हाच ठरवले की आता फोन बंद. यापुढे जे काही असेल ते लेखी.

माझ्या गच्चीवर तुमचा २०० लिटरचा, २० ट्यूबचा सोलर जुलै २०२१ पासून आहे. वार्षिक देखभाल करार एकही वर्ष चुकवलेला नाही, यंदाचे २,४०० रुपये मे महिन्यातच तुमच्या खात्यात जमा झाले. करारात दोन फेऱ्या आहेत. एक पावसाळ्याआधी आणि दुसरी, तुमच्याच शब्दांत, "हिवाळ्यापूर्वी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये". या दुसऱ्या फेरीत टाकी रिकामी करून धुणे, ट्यूबमधला गाळ आणि क्षार काढणे, रबरी रिंगा बदलणे, टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणारा व्हेंट पाइप मोकळा आहे का पाहणे, गरम पाण्याच्या पाइपवरचे फोम दुरुस्त करणे एवढी कामे तुम्हीच छापली आहेत. आज नोव्हेंबर अर्धा संपला. यातले एकही काम धड झालेले नाही.

हे थंडीच्या आधीच का करायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात ट्यूब गाळाने अर्ध्या भरल्या तरी पाणी चटके बसेल इतके तापते, त्यामुळे दोष झाकला जातो. थंडीत दिवस लहान, ऊन तिरपे आणि टाकीत येणारे पाणीच गार. तेव्हा ट्यूबच्या तळाशी बसलेला गाळ पाण्याचे फिरणे अडवतो आणि सकाळी नळाला कोमट पाणी येते. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो, बाकी सगळी भिस्त बोअरवर. त्या पाण्याचा जडपणा मी प्रयोगशाळेतून तपासून घेतला आहे, लिटरला ६४० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०० पर्यंत चांगले आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असे आहे. मला हा सोलर विकताना तुमच्याच विक्रेत्याने सांगितले होते की पाणी जड आहे, तांब्याच्या पाइपचा घेऊ नका, काचेच्या ट्यूबचा घ्या, वर्षातून एकदा साफ केला की वीस वर्षे बघायला नको. मी त्यांचे ऐकले. साफ करण्याची जबाबदारी तुमची होती.

पहिला फोन मी २५ सप्टेंबरला केला. त्या आठवड्यात मराठवाड्यात पुराने हाहाकार होता, त्यामुळे माणूस आला नाही याबद्दल माझी काही तक्रार नाही. लोकांची शेते वाहून गेली, माझा सोलर आठ दिवस थांबू शकत होता. पण दसरा झाला, रस्ते सुरू झाले, तरी कोणी फिरकले नाही. १३ ऑक्टोबरला दुपारी एका मुलाचा फोन आला, "काका, ओटीपी सांगा, उद्या येऊन काम करून टाकतो." काम होण्याआधी ओटीपी कशाला, असे मी विचारले आणि दिला नाही. संध्याकाळी तुमचा मेसेज आला: "ग्राहक घरी उपलब्ध नसल्याने तक्रार बंद." त्या दिवशी मी सकाळपासून घरीच होतो. गच्चीची किल्ली खिशात घेऊन बसलो होतो.

२० ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. माझी आई ८१ वर्षांची आहे, संधिवाताने गुडघे धरलेले असतात. पहाटे तेल लावून, उटणे लावून ती पाटावर बसली आणि नळाला कोमट पाणीसुद्धा आले नाही. सुनेने गॅसवर दोन पातेली चढवली. पाणी तापेपर्यंत आई तेल लावलेल्या अंगाने शाल पांघरून तशीच बसून होती. कारीट फोडायचे तिने त्या दिवशी राहू दिले. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा झाले.

अखेर ३ नोव्हेंबरला तुमचा माणूस आला, तोही दुपारी एक वाजता. मी त्याला म्हणालो, बाबा, आत्ता टाकी रिकामी करू नकोस, ट्यूब तापलेल्या आहेत, सकाळी लवकर ये, नाहीतर वर ताडपत्री तरी टाक. तुमच्या माहितीपुस्तिकेतच लिहिले आहे की उन्हात तापलेल्या रिकाम्या ट्यूबमध्ये गार पाणी सोडू नये. त्याने टाकी रिकामी केली, दहा मिनिटे पाइप मारला आणि कॉक उघडला. तीन ट्यूब तडकल्या. आवाज मला खाली जिन्यापर्यंत ऐकू आला. "त्या आधीपासूनच गेलेल्या होत्या," असे म्हणून त्याने गाडीला किक मारली. गच्चीवरून पाण्याचा पाट वाहत होता.

गल्लीतल्या प्लंबरला बोलावून मी त्या तीन भोकांना रबरी बुचे ठोकून घेतली, ९०० रुपये गेले. तडकलेली एक ट्यूब त्याने माझ्यासमोर बादलीत उलटी केली. आधी काहीच पडले नाही. काठीने ढोसल्यावर भिजवलेल्या चुन्यासारखा राखाडी-पांढरा गोळा सुटला, त्यात नखाएवढ्या कडक पापड्या. दोन वीत ट्यूब तळापासून गच्च भरलेली होती. रिंग बोटाने दाबली तर तिचा भुगा झाला. दोन वर्षे "क्षार काढले, रिंगा तपासल्या" अशी टिक केलेली तुमची कार्डे माझ्याकडे आहेत. मग हा गाळ कुठून आला?

आता १५ तारखेचा फोन. तुम्ही संभाषण रेकॉर्ड करता असे सुरुवातीलाच ऐकवता, तेव्हा ते काढून ऐका.

बाईंनी सांगितले, "सर, तुमची हिवाळी तपासणी सिस्टिममध्ये दिसत नाही." मी म्हणालो, करारात दुसऱ्या पानावर आहे. त्या म्हणाल्या, "ती थंड प्रदेशासाठी असते. पिनकोड सांगा." मी सांगितला, ४३१४०१. थोडा वेळ गाणे वाजले. परत आल्या. "सर, हा पिनकोड उष्ण विभागात येतो. तुमच्याकडे हिवाळा लागू नाही." मी म्हणालो, ताई, परभणी आहे ही, मराठवाड्यात सगळ्यात जास्त थंडी इथे पडते, पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात, आमच्या कृषी विद्यापीठात रोज नोंद होते. त्या म्हणाल्या, "परभणी म्हणजे विदर्भात ना सर? तिकडे तर खूप गरम असतं, पाणी आपोआपच तापत असेल." मी पुन्हा सांगितले की परभणी मराठवाड्यात आहे. तुटलेल्या ट्यूबचे विचारले. "काच वॉरंटीत येत नाही." मी म्हणालो, तुमच्या माणसाने फोडली. "तसं रेकॉर्डला नाही सर." मग बाहेरच्या प्लंबरकडून बसवून घेऊ का? "घेऊ शकता, पण मग टाकीची वॉरंटी राहणार नाही." शेवटी मी आईचे सांगितले. सांगायला नको होते, पण सांगितले. त्या म्हणाल्या, "मग आईंसाठी थोडे दिवस गॅसवर तापवून घ्या ना सर. आणखी काही मदत करू शकते का?"

त्या मुलीवर माझा राग नाही. तिच्यासमोर जे येते ते ती वाचते. पण माझ्या गावाला हिवाळा नाही असे तिच्यासमोर लिहून कोणी ठेवले? मे महिन्यात २,४०० रुपये घेताना हाच पिनकोड होता. आणि ग्राहक घरी नव्हता म्हणून तक्रार बंद, हे कोणी लिहिले? मी घरी होतो. पुन्हा सांगतो, मी घरी होतो.

आमच्या कॉलनीत तुमचे अकरा सोलर आहेत. त्यातले चार माझ्या शब्दावर घेतलेले. हिंगोलीच्या मेहुण्यालाही मीच घ्यायला लावला. लोक गच्चीवर येऊन माझा सोलर बघून जायचे, मी कौतुकाने दाखवायचो. आता ते मला विचारतात आणि मला मान खाली घालावी लागते. याचे दुःख पैशापेक्षा जास्त आहे.

तीन ट्यूब बिनपैशात बदलून द्या. उरलेल्या सतराही बाहेर काढून साफ करा आणि सगळ्या रिंगा नव्या टाका. गच्चीपासून न्हाणीपर्यंतच्या पाइपवरचे फोम उन्हाने झडले आहे, त्यामुळे गरम पाणी येईपर्यंत रोज दोन बादल्या गार पाणी सोडावे लागते. आठवड्याला नळ येणाऱ्या गावात हे पाप आहे, ते फोम बदला. प्लंबरचे ९०० रुपये परत करा. १३ ऑक्टोबरची खोटी नोंद दुरुस्त करून तसे मला लेखी कळवा.

पंधरा दिवसांत हे झाले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि माझ्या हातात दोन वर्षांची मुदत आहे. कार्डे, मेसेज, फुटलेल्या ट्यूबचे फोटो, पाण्याचा अहवाल, सगळे जपून ठेवले आहे. बादलीतला गाळसुद्धा बरणीत भरून ठेवला आहे.

येणारा माणूस सकाळी सातच्या आत, ऊन चढण्याआधी पाठवा. त्याच्याबरोबर ताडपत्री द्या. ओटीपी काम संपल्यावर मिळेल.

आपला ग्राहक,
वसमत रोड, परभणी

सोबत: बिल, करार, दोन वर्षांची सेवा कार्डे, पाणी तपासणी अहवाल, प्लंबरची पावती, फोटो