वाचनाच्या तासात इस्लामी मूल्ये

संपादक महोदय,

उर्दू माध्यमाच्या डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षक पदविका) विद्यार्थिनींना मी अनेक वर्षे वाचन-अध्यापन शिकवले. त्यात इस्लामी मूल्ये आणा म्हटले की लगेच नबींच्या (प्रेषितांच्या) गोष्टी आणि दुआंचे (प्रार्थनांचे) तक्ते सुचवले जातात. गोष्टी जरूर असाव्यात. मला मात्र ती मूल्ये शिकवण्याच्या रीतीत दिसायला हवी आहेत.

आमच्याकडच्या बऱ्याच मुली मकतबात (मुलांच्या धार्मिक शाळेत) नूरानी कायदा म्हणजे अरबी अक्षरओळखीचे पुस्तक, मग नाजरा म्हणजे कुरआन पाहून वाचणे शिकून येतात. मखरज (अक्षरांची उच्चारस्थाने) पक्के, कान तयार. पण सराव पाठाला उभ्या राहिल्या की त्यांच्या वर्गातले मूल उतारा घडाघडा वाचते आणि ‘आजी का रडली?’ विचारले की गप्प होते. ही तक्रार जुनी आहे. चौदाव्या शतकात इतिहासकार इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात अंदलुसच्या (मुस्लिम स्पेनच्या) काझी अबू बक्र इब्न अल-अरबींचे मत नोंदवले: आधी भाषा आणि कविता, मग हिशेब, त्यानंतर कुरआन, न कळणारे मुलांकडून वाचून घेऊ नये. कडक शिक्षेने मूल खोटे बोलायला शिकते, असेही इब्न खल्दूनने बजावले. छडी घेऊन वाचन शिकवणाऱ्यांनी हे वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मकतबाकडून शाळेने घ्यावे असेही एक आहे. तिथे उस्ताद एकेका मुलाचा सबक (धडा) वेगळा ऐकतात. आपल्या वर्गात सगळी मुले एका सुरात वाचतात आणि न येणारे मूल त्यात लपून जाते. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे लक्ष्य ठेवले आहे. मूल एकटे ऐकल्याशिवाय ते कसे साधणार?

कुरआनच्या सूरह हुजुरात या अध्यायाची सहावी आयत (वचन) सांगते की आलेल्या बातमीची शहानिशा करा, नाही तर नकळत कुणाचे नुकसान कराल आणि पस्तावाल. ही आयत सांगून मी विद्यार्थिनींना मोबाइलवर फिरणारे मजकूर तपासायला लावत असे: लिहिले कुणी, कशावरून? सराव त्यांनी मनापासून केला.

राज्यघटनेच्या कलम २८ नुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत संमतीशिवाय कुणावर धार्मिक शिक्षण लादता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मुलाचे वाचन एकट्याने ऐकणे, अर्थ विचारणे, हात न उगारणे हे मात्र कोणत्याही धर्माच्या शिक्षिकेला जमेल. सराव पाठाच्या गुणपत्रकात या तिन्ही गोष्टींना गुण द्यावेत.

— एक निवृत्त अध्यापिका, मालेगाव