सर, तुम्ही तो कप रिकामा केलात

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, आईकडे लक्ष ठेव" म्हणून फोन ठेवता. दोनदा असं झालं. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि चार लोकांनी वाचावं असं उघड लिहिते आहे. तुम्हाला ते रुचणार नाही, माहीत आहे. पण तुम्ही आमच्या घरून कुडाळच्या एसटीत बसलात त्याला आज नऊ दिवस झाले आणि या नऊ दिवसांत आई तीनदा पडवीत येऊन बसली. मे महिन्यापासून ती पडवीत बसलीच नव्हती.

ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते.

माझे बाबा मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये होते. नोकरी संपवून घरी आले तेव्हा बोटीवरच्या एका सहकाऱ्याकडून शिकलेली एक गोष्ट सोबत घेऊन आले, ती म्हणजे आल्याची बिअर. नाव बिअर असलं तरी आम्हा मुलांसाठी ते बाबांचं सरबत होतं. एप्रिलच्या शेवटी ते किसलेलं आलं आणि साखर एका काचेच्या बरणीत घालून आठवडाभर रोज थोडं थोडं खायला द्यायचे, जिवंत प्राण्याला द्यावं तसं. त्याला ते 'विरजण' म्हणत. मग आल्याचा काढा, लिंबू, साखर, पाणी आणि ते विरजण, सगळं पाण्याच्या 20 लिटरच्या जारमध्ये. झाकणातून एक बारीक नळी, तिचं दुसरं टोक पाणी भरलेल्या बाटलीत बुडवलेलं. रात्री माजघरात त्या बाटलीतली बुडबुड ऐकत आम्ही झोपायचो. तिसऱ्या दिवशी बाटल्या भरायच्या, दोन दिवस बाहेर ठेवून मग फ्रीजमध्ये. मुंबईहून चाकरमानी आले की भर दुपारी अंगणात ती बाटली उघडायची. गोड, तिखट, नाकात झिणझिण्या आणणारी.

यंदा बाबांनी 27 एप्रिलला जार भरला. 29 तारखेला सकाळी ते न्हाणीघराच्या दारात कोसळले. गोव्याच्या इस्पितळात सतरा दिवस काढले आणि 16 मेला गेले.

जार माजघरातच राहिला, कणगीच्या मागे, अंधारात. तिसऱ्या दिवशी भरायच्या बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या, त्यांच्यावर धूळ बसली. पावसाळा आला, गेला. कुणी त्या कोपऱ्याचं नाव काढलं नाही. दिवाळी यंदा नव्हतीच. नोव्हेंबर उजाडला तेव्हा मला वाटायला लागलं की याचं काहीतरी करायला हवं, आणि काय करायचं ते मला कळत नव्हतं. बाबांच्या हातचं शेवटचं पंधरा लिटर त्या जारमध्ये होतं. दुसरं काही नव्हतं आमच्याकडे.

मी विचारायला सुरुवात केली, आणि इथून पुढचं थोडं रागानेच लिहिते आहे.

शहरातले एक गृहस्थ बिअर बनवायचे वर्ग घेतात. मी फोन केला. "सहा महिने झाले..." एवढंच माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि ते म्हणाले, "फेकून द्या." पुढे काही विचारलं नाही. कशाची आहे, कशात आहे, कुठे ठेवली आहे, काही नाही. वर म्हणाले, कोकणातल्या उकाड्यात काही टिकत नाही. दुसऱ्या एकाने नवीन सामानाची किंमत सांगितली. ओळखीतले एक जण घरी आले, त्यांनी जार दोन्ही हातांनी गदागदा हलवला, वास घेतला, वाटीत थोडं काढून तोंडात घातलं आणि जास्वंदीच्या बुंध्यात थुंकले. आई दारात उभी होती. ती आत निघून गेली. शेजारची काकी तर मायेनेच म्हणाली, "ओतून टाक गो, असां घरात कित्या ठेवतंस?" तिचा मला राग नाही. त्या थुंकण्याचा आहे.

कोकणातल्या उकाड्यात काही टिकत नाही म्हणे! आमच्या घरात आगळाच्या बाटल्या दोन-दोन वर्षांच्या आहेत. आंबोशी आहे, खारातले आंबे आहेत, फणसाची साठं आहेत, गेल्या वर्षीचं सुकट आहे, माडीचा शिरका तर किती जुना ते आईलाही आठवत नाही. इथली बाई पावसाच्या चार महिन्यांची बेगमी उन्हाळ्यात करते. उकाडा काय करतो आणि त्याच्याशी कसं वागायचं, हे आम्हाला कळतं.

मग माझ्या मैत्रिणीने तुमचं नाव सुचवलं. तिला तुम्ही आठवी ते दहावी विज्ञान शिकवलंत. ती म्हणाली, "सर घरी जांभळाचा शिरका करतात, त्यांना विचार." मी विचारलं आणि तुम्ही फोनवर काहीच मत दिलं नाहीत. म्हणालात, "न बघता कसं सांगू? रविवारी येतो." कुडाळहून मालवणची एसटी पकडून, तिथून रिक्षाने, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एका अनोळखी घरातला जार बघायला.

तुम्ही आलात, पाय धुतलेत, पाणी प्यायलात, आणि बाबांच्या फोटोला नमस्कार करून मग माजघरात गेलात. जारला हात लावला नाहीत. उकिडवे बसून टॉर्चच्या उजेडात बराच वेळ नुसतं बघत राहिलात. वर तवंग आहे का, केसाळ काही उगवलंय का, तळाचा गाळ कसा बसलाय. नंतर नळीच्या टोकाकडची बाटली उचलून विचारलंत, "यात पाणी कोण घालतं?"

मला वाटलं होतं ते पाणी मे महिन्यातलंच असेल. आई मागून म्हणाली, "मी."

"कधीपासून?"

"तेंनी सांगितल्यानी हुता, पाणी आटाक देव नको म्हणान."

सर, मला हे माहीत नव्हतं. मी त्याच घरात होते. आई दर आठ दिवसांनी त्या बाटलीत पाणी घालत होती, सुतकातसुद्धा, कारण बाबा इस्पितळात जायच्या दोन दिवस आधी तसं म्हणाले होते. तुम्ही तिला समजावून सांगितलंत की ते पाणी म्हणजे जारचं दार आहे. आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. पाणी आटलं असतं तर हवा शिरली असती, हवेबरोबर शिरका करणारे जीवाणू आले असते आणि जारभर आंबट पाणी झालं असतं. "वहिनी, हे तुम्ही राखलंत," असं तुम्ही म्हणालात. एवढ्या लोकांना मी विचारलं, एकालाही ती बाटली दिसली नव्हती.

आता त्या कपाबद्दल, ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसले.

तळ न ढवळता तुम्ही नळीने थोडं काढलंत. आईने चहाचा कप दिला होता, कानाजवळ टवका गेलेला. तुम्ही उजेडात धरून रंग पाहिलात, वास घेतलात, एक घोट तोंडात फिरवलात. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते. आई जास्वंदीकडे बघत होती. तुम्ही गिळलंत. थांबलात. दुसरा घोट घेतलात. मग पायरीवर बसून, कुणी ताक पितं तसं, सावकाश, सगळा कप संपवलात. चव घ्यायला एक घोट पुरला असता. बाकीचं तुम्ही प्यायलात ते तपासणीसाठी नव्हतं, हे मलाही कळलं आणि आईलाही. रिकामा कप तुम्ही तिच्या हातात दिलात आणि म्हणालात, "आलं छान उतरलंय."

आई कपाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "वायच आणिक देव?"

साडेसहा महिन्यांत माझ्या आईने कुणाला काही आग्रहाने वाढलं नव्हतं. आमच्याकडे पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय सोडत नाहीत, आणि ती विचारायची थांबली होती. तुम्ही म्हणालात, "अर्धा कप." तो अर्धा कपही तुम्ही संपवलात.

पुढची सगळी खटपट मी इथे लिहीत नाही. पण एक सांगायलाच हवं, कारण कुणाचा गैरसमज नको. बाबांच्या खणात त्यांचा घनतामापी होता आणि वही होती. वहीत लिहिलं होतं: 27/4, साखर दीड किलो, एकूण 15 लिटर, 1.038. तुम्ही त्याच घनतामापीने पाहिलंत तर 0.998. माझ्या भाच्याला जवळ बसवून तुम्ही सांगितलंत की पाण्याचा आकडा 1 असतो, साखर विरघळली की तो वर जातो, साखरेचं अल्कोहोल झालं की खाली येतो, आणि इथे तो पाण्याच्याही खाली गेलाय. म्हणजे साखर संपली. पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल झालं. "तिसऱ्या दिवशी भरली असती तर हे तुझं सरबत होतं. आता ही खरोखरची बिअर आहे. तुला नाही मिळणार, आणि कुणाला विकायचीही नाही." भाचा हिरमुसला, पण त्याला पटलं. त्याच्याशी कुणी इतकं सरळ बोललं की तो ऐकतो.

आणि त्याला तुम्ही हॅरी मार्शल वॉर्डची गोष्ट सांगितलीत. श्रीलंकेत कॉफीच्या मळ्यांवर पडलेल्या तांबेऱ्याचा अभ्यास करून गेलेला इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ पुढे आल्याच्या बिअरच्या विरजणामागे लागला, आणि 1892 मध्ये त्याने दाखवून दिलं की त्या विरजणाच्या कणांत एक यीस्ट आणि एक जीवाणू एकमेकांच्या आधाराने राहतात. बाबांचं विरजण हुबेहूब तेच नसेल, पण तसल्याच सोबतीवर ते चालायचं, असं तुम्ही म्हणालात. बाबांना हे ऐकायला फार आवडलं असतं. त्यांना कुणी कारण सांगितलं की ते मांडीवर थाप मारायचे.

तळाशी मेलेल्या यीस्टचा थर होता. तो फार दिवस राहिला की पेशी फुटतात आणि रबरासारखा, मांसासारखा वास उतरतो, म्हणून तुम्ही वरचं स्वच्छ तेवढंच हळूच काढलंत. त्या गृहस्थांनी जार हलवला होता हे कळल्यावर तुम्ही फक्त मान हलवलीत, एक शब्द वाईट बोलला नाहीत. मी बोलले असते. बाटलीत फेस धरायला जिवंत यीस्ट फारसं उरलेलं नसणार म्हणून चिमूटभर नवं घातलंत, आणि लिटरला 6 ग्रॅम साखर. 16 बाटल्या, 12 लिटर, 72 ग्रॅम. ती 72 ग्रॅम साखर तुम्ही आईला मोजायला लावलीत. जास्त झाली तर बाटली फुटते, म्हणून तिने तीनदा मोजली. ज्या बाटल्या बाबांनी एप्रिलमध्ये धुतल्या होत्या त्या आम्ही परत धुतल्या आणि भरल्या.

सर, ज्ञान पुष्कळांकडे असतं. त्या वर्ग घेणाऱ्या गृहस्थांकडेही असणार. पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं, वस्तूपाशी जाऊन बसायचं, आणि ती वस्तू ज्यांच्या घरची आहे त्यांच्या देखत तिचा अपमान करायचा नाही, हे करणारी माणसं मला या वर्षात फार थोडी भेटली. इस्पितळात एक आया होती, ती बाबांचं अंथरूण बदलताना दरवेळी "काका, जरा कुशीवर वळवते हां" असं सांगायची, त्यांना ऐकू येत नसताना. आमचा रिक्षावाला आहे, त्याने सतरा दिवस डबा नेणाऱ्या गाडीपर्यंत पोचवला आणि हिशेब मे सरल्यावर केला. आणि तुम्ही. हे लोक आपण काही विशेष केलं असं समजत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. मला लिहावंसं वाटलं.

पैशांचं पाकीट तुम्ही घेतलं नाहीत. एक बाटली घेतलीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि एसटीत बसल्यावर ती दोन पायांच्या मध्ये उभी धरून ठेवलेली मला खिडकीतून दिसत होती. तीन आठवड्यांनी उघडा असं तुम्हीच म्हणालात. आमच्या बाटल्या आम्ही तोवर उघडणार नाही. आईने कॅलेंडरवर खूण केली आहे.

गाळाच्या वरचं उरलेलं लिटरभर तुम्ही शिरक्यासाठी वेगळ्या बरणीत घालून वर फडकं बांधून दिलंत. त्यावर आता पातळ साय धरू लागली आहे. आई विचारते, फडकं बदलायचं की तसंच ठेवायचं? आणि ते माजघरात ठेवू की पडवीत? सवडीने कळवा. येऊन बघणार असाल तर सकाळच्या गाडीने या, म्हणजे जेवायला थांबता येईल. आई म्हणते, सरांना तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं चालतं का ते आधी विचारून घे.

आपली,
मालवणची लेक