किल्ल्याच्या पाण्यात गुराब हवी, चाच्यांचं जहाज नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली, आता साताऱ्यात गल्लोगल्ली माती, विटा, गोणपाट गोळा करायला सुरुवात होईल, म्हणून हे पत्र आत्ताच पाठवतोय. गेल्या दिवाळीत नातवंडांना घेऊन एका मंडळाच्या स्पर्धेतले किल्ले बघत फिरलो. पोरांनी काम झकास केलं होतं, अळीव उगवून आलेला, बुरुज नीट, महाराज सिंहासनावर, आणि चार ठिकाणी तर चक्क सिंधुदुर्ग होता, खाली प्लास्टिकचा कागद आणि नीळ टाकलेलं पाणी. पण त्या पाण्यात काय होतं? मराठी आरमारातली गुराब, म्हणजे मोठं लढाऊ जहाज, नव्हती, होतं बाजारातलं खेळण्यातलं जहाज, काळं शीड, त्यावर कवटी आणि दोन हाडं. त्यातल्याच एका किल्ल्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि परीक्षकांपैकी एकानेही त्या पोरांना विचारलं नाही की बाळांनो हे जहाज कुणाचं.

मला ते फार लागलं. कारण कवटीचा झेंडा म्हणजे तिकडच्या अटलांटिकमधल्या दरोडेखोरांचा. आणि कान्होजी आंग्र्यांना 'चाचा' म्हणायचं काम इंग्रजांनी केलं, कारण आपल्या किनाऱ्यावर आपल्या परवान्याशिवाय जहाजं हाकू नका हे ते ठणकावून सांगत होते. इंग्रजांची ती शिवी आपणच महाराजांच्या किल्ल्याखाली आणून ठेवायची का? आणि तीही साताऱ्यात? १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे झाला, बाळाजी विश्वनाथांनी मध्ये पडून कान्होजींना महाराजांच्या बाजूला आणलं, म्हणजे कान्होजी हे साताऱ्याच्या गादीचे सरखेल, आरमाराचे प्रमुख, होते. समुद्र कुंभार्ली घाटाच्या पलीकडे असला म्हणून आरमार काही परकं होत नाही.

मी एमआयडीसीत फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवायचो, तीस-बत्तीस वर्षं तेच केलं, रिटायर झाल्यावर हात गप्प बसेनात म्हणून छोटी लढाऊ जहाजं करायला लागलो. परदेशात हा छंद जुना आहे, लोक १:१२०० च्या स्केलला शिडाची जहाजं करतात आणि टेबलावर लढाया खेळतात. त्या स्केलला इंग्रज नौसेनापती नेल्सनचं जहाज व्हिक्टरी, जिच्या तोफांच्या डेकची लांबी १८६ फूट, ती जेमतेम पावणेपाच सेंटिमीटरची होते, म्हणूनच १८०५ ची ट्रॅफल्गरची लढाई, इंग्रजांची २७ आणि समोरची ३३ मोठी जहाजं, एका टेबलावर मावते. मी पण सुरुवात व्हिक्टरीपासूनच केली, तिचे नकाशे सहज मिळतात आणि मूळ जहाज पोर्ट्समथला अजून जपून ठेवलंय. आपल्या मुंबईत वाडिया मंडळींनी सागवानात बांधलेली त्रिंकोमाली १८१७ ला पाण्यात उतरली, ती पण इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतेय. गुराब मात्र कुठे जाऊन बघणार? १७५६ च्या फेब्रुवारीत पेशवे आणि इंग्रज मिळून विजयदुर्गावर गेले आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथे बंदरातच जळालं. ते वाचलं त्या दिवशी व्हिक्टरी बाजूला ठेवली आणि पांगाऱ्याचं लाकूड आणलं.

मापं कुठून घेतली हे लोक विचारतात. रॉबर्ट ऑर्म नावाच्या त्या काळच्या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या जहाजांचं वर्णन नीट लिहून ठेवलंय. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत, लांबीच्या मानाने रुंद, उथळ पाण्यात चालणारी, आणि मधल्या भागापासून पुढे निमुळती होत जाऊन नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, चांगली लांब बाहेर आलेली. पुढच्या बाजूला आडव्या फळीला भोकं पाडून दोन मोठ्या तोफा बसवलेल्या, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या, त्या नाळेवरून थेट समोर मारा करायच्या. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आत, दोन डोलकाठ्या, मोठीवर एक त्रिकोणी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. काही गलबतांवर तर वजन कमी ठेवायला चिरलेल्या बांबूचा डेक असायचा आणि फिरत्या खुंटीवर छोट्या तोफा. खेळण्यातल्या जहाजात यातलं एक तरी दिसतं का बघा.

मी १:३०० ला करतो, म्हणजे शंभर फुटी गुराब धरली तर दहा सेंटिमीटर होते, पोरांच्या बोटांना झेपते आणि किल्ल्याखाली शोभते पण. पाण्याच्या वरचाच भाग करायचा, तळ सपाट. साच्याचा कागद मधोमध दुमडून अर्धीच बाजू कापायची म्हणजे डावी-उजवी सारखी येते. बांबूच्या डेकसाठी उदबत्तीच्या काड्या उभ्या चिरल्या की झालं. डोलकाठीच्या दोरांना शिवणाचा दोरा चालतो, पण तो आधी मेणावरून दोनदा ओढून घ्यायचा, नाहीतर त्याची लव उभी राहते आणि जहाजाला केस आल्यासारखं दिसतं. शिडाला मात्र वेळ द्यावा लागतो. ट्रेसिंग पेपर चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, त्रिकोण कापायचा, कडेने दोरा चिकटवायचा, मग पातळ फेविकॉल फिरवून ओला असतानाच स्टीलच्या फुलपात्राच्या पोटावर ताणून रात्रभर ठेवायचा, फुलपात्राला आधी तेलाचं बोट लावायला विसरायचं नाही. सकाळी अलगद सोडवला की शिडात वारा भरलेला असतो. माझी पहिली सात शिडं फाटली, आठवं जमलं तेव्हा सगळ्या घराला उठवून दाखवलं.

पण नुसती करून कपाटात ठेवली असती तर मला स्वतःला आरमार कळलं नसतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. खेळायला बसलो तेव्हा कळलं. नियम साधे ठेवले. निळ्या चादरीवर वाऱ्याचा बाण ठेवायचा, पुठ्ठ्याचा कोनमापक केलाय, चौकोनी शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडाशी साधारण ६७ अंशांच्या आत जाऊच शकत नाही म्हणून तेवढा भाग लाल रंगवलाय. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे असतात ना, ते इथे खरोखर वापरायचे, सकाळच्या डावात वारा जमिनीकडून, दुपारी समुद्राकडून, मध्ये फासा टाकायचा आणि एक किंवा दोन पडलं की वारा पडला.

दिवाळीच्या सुट्टीत १६७९ चं खांदेरी मांडलं. शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावर बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला ती लढाई. नातू इंग्रज, त्याच्याकडे रिव्हेंज आणि डव्ह ही जहाजं. नात दौलतखान, म्हणजे महाराजांच्या आरमाराचा सरदार. आठवीतली मुलगी, इतिहासाचं पुस्तक हातात धरायचा कंटाळा, पण फाशावर एक पडल्याबरोबर तिने गलबतांची वल्ही मोजली आणि सगळी डव्हच्या मागे नेऊन उभी केली. मी विचारलं मागून का गं? म्हणाली आजोबा, त्यांच्या तोफा बाजूला आहेत, मागे फारशा नाहीतच, आणि वारा नाही तर त्याला वळता येणार नाही. नंतर गुराब आणून दिली तर तिने ती दोन गलबतांना दोर बांधून ओढत नेली आणि नाळ शत्रूकडे केली. आंग्र्यांचं आरमार नेमकं असंच लढायचं, गलबतांनी गुराबी ओढायच्या, मागून गाठायचं, डोलकाठ्या पाडायच्या. मी यातलं काही तिला सांगितलेलं नव्हतं. आणि १८ ऑक्टोबर १६७९ ला डव्ह खरंच मराठ्यांच्या हाती लागली होती हे मी तिला डाव संपल्यावर सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघायला पाहिजे होता.

एक मात्र बदलावं लागलं. परदेशी नियमांत सगळी ताकद बाजूच्या तोफांना असते, तसं खेळलं तर गुराब उगाच दुबळी ठरते. म्हणून नाळेच्या दोन तोफांना वेगळे दोन फासे दिले, तेव्हा कुठे ती खऱ्यासारखी लढायला लागली.

आता मागणी. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जे बारा किल्ले यादीत घेतले त्यात आपला प्रतापगड आहे, तसे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग पण आहेत, त्यामुळे पाण्यातले किल्ले आता जास्त होणार हे नक्की. स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनी आणि शाळांनी शंभरातले दहा मार्क आरमाराला ठेवावेत. बुरुज चुकला तर मार्क कापता, दरवाजा समोरून दिसला तर गोमुख, म्हणजे बुरुजांच्या वळणात लपवलेला दरवाजा, कुठंय म्हणून विचारता, मग जहाज कसलंही का चालतं? कवटीचं जहाज असेल तर मार्क कापू नका, पोरांचा दोष नाही त्यात, त्यांना जे बाजारात मिळालं ते त्यांनी आणलं. पण तिथेच बसून त्यांना सांगा की हे आपलं नाही, आपलं असं होतं.

गुराबीचा आणि गलबताचा कागदी साचा माझ्याकडे तयार आहे, खेळाचे नियम चार पानांत मराठीत लिहून काढलेत. माझा पत्ता आपल्या कचेरीत दिलाय, कुठल्याही शाळेला किंवा मंडळाला लागला तर बिनधास्त द्यावा, झेरॉक्सचे पैसे पण नकोत. दसऱ्यापर्यंत कळवलं तर पांगाऱ्याचे तुकडे मापात कापून देईन, फक्त नाळ कोरताना चाकू मोठ्या माणसाने धरावा.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, सातारा