शनवार तेली आणि रोम

‘नीतीचा उपदेश बोचतो, म्हणून ज्यू आणि ख्रिस्ती लोकांचा द्वेष होतो’ हे रविवारच्या पुरवणीतील लेखाचे म्हणणे अर्धेच पटले. रोमला उपदेशापेक्षा त्यांचे वेगळे वागणे खुपले. ज्यू सातव्या दिवशी काम करत नाहीत, म्हणजे आयुष्याचा सातवा हिस्सा फुकट घालवतात, अशी रोमन तत्त्वज्ञ सेनेकाची तक्रार होती. नवजात मूल मारणे ते गुन्हा मानतात, हेही रोमन इतिहासकार टॅसिटसने त्यांच्या विचित्र चालीरीतींतच नोंदवले! रोममधल्या इ.स. ६४ च्या आगीनंतर ख्रिस्ती लोकांवर ‘मानवजातीच्या द्वेषा’चा ठपका आला. आमच्या अलिबागकडे मात्र शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, लोकांनी नुसते ‘शनवार तेली’ म्हटले. तेल बहुधा शुक्रवारीच भरून ठेवत असावेत.

– एक वाचक, अलिबाग