पुढील बैठकीच्या पूर्वतयारीबाबत सूचना

विश्वरचनाशास्त्र अभ्यासगटाच्या सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, पुढील बैठकीत विश्वातील सर्वांत जुन्या प्रकाशाविषयी, म्हणजेच वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाविषयी चर्चा होणार असून त्यासाठी गणिताच्या ज्ञानाची अट नाही.

मात्र एक गैरसमज आधीच दूर करून यावे, ही आग्रहाची विनंती आहे. विश्वाच्या आरंभासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘महास्फोट’ या शब्दामुळे रिकाम्या अवकाशात एखाद्या ठिकाणी स्फोट होऊन द्रव्य चहूकडे उधळले, असे चित्र मनात उभे राहते. वास्तविक अवकाशच सर्वत्र प्रसरण पावत गेले, आणि म्हणून या घटनेचा मध्यबिंदू कोठेही दाखविता येत नाही. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखविलेला दीर्घिकांच्या (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या) अंतराचा व दूर जाण्याच्या वेगाचा संबंध या दृष्टीने पुन्हा वाचावा.

विश्वाच्या सुमारे १३८० कोटी वर्षांच्या इतिहासात पहिली ३ लाख ८० हजार वर्षे विश्व अपारदर्शक होते. तापमान ३००० केल्विनच्या आसपास उतरल्यावर इलेक्ट्रॉन व अणुकेंद्रे एकत्र येऊन अणू बनले आणि प्रकाशाची वाट मोकळी झाली. तोच प्रकाश, त्याची तरंगलांबी सुमारे ११०० पट ताणली गेल्यामुळे, आज २.७ केल्विन तापमानाच्या सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी येतो. पेन्झियस व विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना १९६४ मध्ये तो अँटेनातील न हटणाऱ्या खरखरीच्या रूपात सापडला, हे मला या विषयातील सर्वांत विलक्षण प्रकरण वाटते.

सदस्यांनी आपले प्रश्न लिहून आणावेत. ‘महास्फोटापूर्वी काय होते?’ हा प्रश्नही निःसंकोचपणे विचारावा.